जिताड्याला रीळ केवढे?

मुंबईहून सुट्टीला तुडीलच्या खाडीपट्ट्यात येणारी आपली पोरे हल्ली गळाला रीळ लावतात. रिळावरचा आकडा किमतीचा नव्हे, आकाराचा असतो. मोठा आकडा म्हणजे तंगूस जास्त मावतो, पण वजनही वाढते. सावित्रीच्या खाडीत काठावरून जिताड्याला ४००० पुरेसे, लहान माशांना २५००. ६००० घेऊन दिवसभर गळ फेकून बघा, मनगटच बोलेल! मग महिन्याच्या पगाराला उगाच कात्री कशाला? वाचलेल्या पैशांतून टोकाला जाड तंगूस घ्या, कारण जिताड्याच्या कल्ल्याची धार बारीक तंगूस सहज कापते. आणि हो, जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणून फारच मोठा लागला तर जड मनाने का होईना, सोडावा. कालवणाला मधला पुरतो.