पुरातत्त्वाचं पहिलं वर्ष : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुरातत्त्वाला प्रवेश घेतला म्हटलं की घरात, गावात, एसटीत पहिला प्रश्न येतो तो डायनासोरचा. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. डायनासोर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी नामशेष झाले, तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता आणि पुरातत्त्वाचा विषय माणूस आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं मिळाली आहेत, पण तो अभ्यास पुराजीवशास्त्राचा.

दुसरा समज अधिक घट्ट बसलेला आहे. पुरातत्त्व म्हणजे खणणं आणि खणणं म्हणजे काहीतरी मौल्यवान सापडणं, असा तो समज. हीच अपेक्षा घेऊन अनेक मुलं वर्गात येतात आणि पहिले कित्येक आठवडे त्यांच्या हाती येतात ती खापरं. ती पाण्यात भिजवायची, मऊ ब्रशने घासायची, सावलीत वाळवायची, मग बारीक अक्षरात प्रत्येकावर स्थळाची खूण, खड्ड्याचा आणि थराचा क्रमांक घालायचा. काठ, तोटी, बूड वेगळे काढायचे. काठाचा एवढासा तुकडा वर्तुळं आखलेल्या कागदावर टेकवून भांड्याचं तोंड किती रुंद होतं ते काढायचं, आणि आलेखाच्या कागदावर एका बाजूला त्याचा छेद, दुसऱ्या बाजूला बाहेरची नक्षी रेखाटायची. काहींचा हिरमोड होतो. पण एक दिवस असा येतो की समोरच्या ढिगातून विद्यार्थी तांबूस रंगाचं, काळ्या रेषांची नक्षी असलेलं खापर उचलतो, त्यावर टिचकी मारतो, ते खणकन वाजतं आणि तो कुणाला न विचारता म्हणतो, "जोर्वे." संगमनेरजवळच्या जोर्वे गावी 1950-51 मध्ये उत्खनन झालं, तिथून या भांड्यांना हे नाव मिळालं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या कुंभाराची भट्टी किती चांगली पेटत होती, हे त्या आवाजातून कळतं. माझ्या मते या विषयाचा खरा प्रवेश त्या क्षणी होतो, प्रवेशअर्ज भरताना नाही.

सोनं न सापडताही किती कळतं, हे पाहायचं तर इनामगाव पाहावं. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची मंडळी. तिथे मिळालं काय? घरांच्या जमिनी, चुली, जळके दाणे, जनावरांची हाडं. त्यांतून महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचं गाव उभं राहिलं. ते सातू पिकवत, पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध आणि पाट काढला होता. लहान मूल गेलं की तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून ते घराच्याच जमिनीखाली पुरत. शेवटच्या काळात आयताकृती घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊसमान घटल्याने ही अवकळा आली, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास गाव उठलं. यातली एकही गोष्ट लिहून ठेवलेली नव्हती. ती मातीतून वाचावी लागली.

कार्बन डेटिंगने कशाचंही वय निघतं, हा तिसरा समज. विलर्ड लिबी यांनी ही पद्धत 1940 च्या दशकाअखेर विकसित केली, त्यासाठी त्यांना 1960 चं नोबेल मिळालं. पण ती लागू पडते एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूला : कोळसा, दाणा, हाड, लाकूड. जीव गेला की शरीरातला कार्बन-14 घटू लागतो, सुमारे 5,730 वर्षांत निम्मा होतो आणि साधारण 50 हजार वर्षांनंतर मोजण्याइतका उरत नाही. दगडी कुऱ्हाडीचं किंवा तांब्याच्या मूर्तीचं वय या पद्धतीने थेट निघत नाही. ते काढायचं तर त्याच थरातला कोळसा लागतो. म्हणजे वस्तू कोणत्या थरात होती, हे माहीत असावं लागतं.

दायमाबादची ब्राँझं याचं सर्वांत मोठं आणि जिवाला लागणारं उदाहरण. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या या गावी 1974 मध्ये झाडाची मुळं काढताना एका भिल्ल शेतमजुराला चार वस्तू मिळाल्या : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन 60 किलोंहून अधिक. भारतीय धातुकलेत त्यांना तोड नाही. काही अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, तर काहींना धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या इतक्या जुन्या असल्याबद्दल शंका आहे. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, तरी त्या नेमक्या कोणत्या थरातल्या, हे निर्विवाद ठरवता आलं नाही आणि वाद मिटला नाही.

म्हणूनच उत्खननाच्या शिबिरात मुलांना सगळ्यात आधी कुदळ मिळत नाही. हातात येते ती मोजपट्टी, दोरी आणि वही. चौकोनी खड्डे, मधे न खणता राखलेले मातीचे बांध आणि त्या बांधांच्या उभ्या बाजूवर दिसणारे थर रेखाटून ठेवणं, ही शिस्त भारतात मॉर्टिमर व्हीलर यांनी 1944 च्या तक्षशिलेच्या प्रशिक्षण शिबिरातून रुजवली. खणलेला थर परत भरून येत नाही. जे नोंदलं नाही ते कायमचं गेलं. त्यामुळे जिथे शक्य आहे तिथे काही भाग पुढच्या पिढीसाठी न खणता सोडतात. परवानगीशिवाय कुणी खणूही शकत नाही, आणि सापडलेली वस्तू विद्यार्थ्याची होत नाही.

या विषयाला इतिहासाचीच पदवी लागते, हेही खरं नाही. डेक्कन कॉलेजच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला विज्ञान, वाणिज्य शाखेचे पदवीधरही येतात, आणि हाडं, परागकण, धातू यांच्या अभ्यासात विज्ञानवाल्यांची गरज मोठी आहे. नोकऱ्या मोजक्या आहेत, हा मात्र गैरसमज नव्हे. प्रवेश घेणाऱ्याने ते ऐकूनच यावं.

आणि जे प्रवेश घेणार नाहीत त्यांना एक विनंती. आपल्याकडे अनेक गावांशेजारी पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीचा मातीचा ढिगारा, असतं आणि त्याची माती शेतात टाकायला नेतात. विहीर, पाया किंवा ती माती काढताना भांडी, नाणी, हाडं दिसली तर वस्तू उचलू नका, धुऊ नका. आहे तिथेच तिचा फोटो काढा, काम थांबवा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन कळवणं बंधनकारकच आहे.