बंगळुरूचे नियोजन : महापालिका पाच झाल्या, आराखडा कोणाच्या हाती?

'बृहत् बंगळुरू महानगरपालिका' २ सप्टेंबर २०२५ रोजी इतिहासजमा झाली. तिच्या जागी बंगळुरू मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा पाच महापालिका अस्तित्वात आल्या. या पाचही संस्थांमध्ये समन्वय राखण्यासाठी 'बृहत् बंगळुरू प्राधिकरण' स्थापन करण्यात आले असून कर्नाटकचे मुख्यमंत्री त्याचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. देशातील एका मोठ्या महानगराचा कारभार नव्याने बांधण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र शहराच्या पुढील वीस वर्षांचे चित्र कोणी रेखाटायचे, हा जुना प्रश्न त्यामुळे अधिकच ठळक झाला आहे.

विस्तारत गेलेले शहर

केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेले आणि सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले बंगळुरू हे मूळचे तलावांचे गाव. एक तलाव भरला की त्याचे पाणी ओढ्यांवाटे पुढच्या तलावात जात असे. या ओढ्यांना कन्नडमध्ये 'राजकालुवे' म्हणतात. १९५१ मध्ये शहराची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत होती. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ८४ लाखांवर गेली. या वाढीत अनेक तलाव बुजले आणि ओढ्यांवर बांधकामे उभी राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये पूर्व बंगळुरूतील महादेवपुरा आणि आउटर रिंग रोड परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा या चुकीची किंमत साऱ्या देशाने पाहिली.

गावे आली, पाणी आले नाही

नियोजन आणि कारभार यांची फारकत झाली की काय होते, याचे बोलके उदाहरण ११० गावांचे आहे. २००७ मध्ये जुनी महापालिका, सात नगरपालिका, केंगेरीची नगर परिषद आणि सुमारे ११० गावे एकत्र करून बृहत् महापालिका निर्माण करण्यात आली. या गावांतील ग्रामपंचायती संपुष्टात आल्या. परंतु महापालिकेची पहिली निवडणूक २०१० मध्ये झाली. म्हणजे पंचायत गेली आणि नगरसेवकही नाही, अशा अवस्थेत या गावांनी तीन वर्षे काढली.

सुविधांची प्रतीक्षा तर त्याहून लांबली. बंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून उपसून आणावे लागते. ही जबाबदारी महापालिकेची नसून १९६४ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र पाणीपुरवठा मंडळाची आहे. शहराची हद्द वाढवण्याचा निर्णय एका यंत्रणेचा आणि जलवाहिनी टाकण्याचे काम दुसरीचे. परिणामी ही गावे विंधन विहिरी आणि टँकरवर अवलंबून राहिली. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो विंधन विहिरी आटल्या. या गावांसाठीचा कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला, विलीनीकरणानंतर तब्बल सतरा वर्षांनी.

राज्यघटना काय सांगते?

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत या संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी आहे आणि नगर नियोजन हा त्यातील पहिला विषय आहे. दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी अनुच्छेद २४३ झेडई महानगर नियोजन समिती बंधनकारक करतो. तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातील नगरसेवक आणि पंचायत अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. शहर आणि भोवतालची गावे यांनी पाणी, जमीन, रस्ते यांचा विचार एकत्र बसून करावा, हा त्यामागील हेतू.

बंगळुरूमध्ये अशी समिती २०१४ मध्ये स्थापन झाली, तरी तिचे काम प्रत्यक्षात उभे राहिले नाही. आराखडा तयार करण्याचे अधिकार १९७६ पासून बंगळुरू विकास प्राधिकरण या राज्य सरकारच्या संस्थेकडे राहिले. २०१५ पर्यंतचा आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला. २०३१ पर्यंतचा मसुदा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याला अंतिम मंजुरी मिळाली नाही. त्यामुळे मुदत संपलेल्या जुन्या आराखड्याच्या आधारेच शहर वाढत राहिले.

नव्या रचनेत काय बदलले?

माजी मुख्य सचिव बी. एस. पाटील यांच्या समितीने त्रिस्तरीय रचना सुचवली होती. वर महानगराचे प्राधिकरण, मध्ये अनेक महापालिका आणि तळाशी प्रभाग समित्या, असे तिचे स्वरूप होते. १५ मे २०२५ पासून लागू झालेला बृहत् बंगळुरू प्रशासन कायदा याच दिशेने जातो. नियोजनाचे अधिकार आता नव्या प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले आहेत. पाणी, वीज, बससेवा, मेट्रो अशा विखुरलेल्या यंत्रणांना एका मेजावर आणणे, ही या रचनेची जमेची बाजू.

आक्षेपही गंभीर आहेत. प्राधिकरणाचे नेतृत्व मुख्यमंत्र्यांकडे असल्याने महापौरांचे स्थान दुय्यम ठरेल आणि घटनादुरुस्तीचा हेतू विफल होईल, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. उत्पन्नाच्या विषमतेचा प्रश्नही आहे. दिल्ली महापालिकेचे २०१२ मध्ये तीन भाग करण्यात आले, परंतु उत्पन्न कमी असलेल्या भागांत कर्मचाऱ्यांचे वेतनही थकले आणि २०२२ मध्ये तिन्ही संस्था पुन्हा एक कराव्या लागल्या.

निवडणुकीचा प्रश्न

घटनेनुसार महापालिकेची मुदत पाच वर्षे असून ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे आवश्यक असते. बृहत् बंगळुरू महापालिकेच्या सभागृहाची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली. प्रभागरचना आणि आरक्षणाचे वाद न्यायालयात गेले आणि २०२५ अखेरपर्यंत नवी निवडणूक झाली नव्हती. मराठी वाचकांना ही स्थिती अपरिचित नाही. मुंबई महापालिकेवरही मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे प्रशासकाची राजवट होती.

प्रशासक रस्ते दुरुस्त करू शकतो, कर गोळा करू शकतो. परंतु कोणता ओढा मोकळा ठेवायचा, कोणत्या गावाला आधी पाणी द्यायचे, या निर्णयांचा जाब मतदार प्रशासकाला विचारू शकत नाही. पाच महापालिकांच्या रचनेचे यश म्हणूनच नकाशावरील नव्या सीमांवरून ठरणार नाही. शहराच्या पुढील आराखड्यावर प्रभागातील नागरिकांचे आणि त्यांच्या नगरसेवकांचे म्हणणे किती उमटते, यावरूनच ते ठरेल.