मोटारीच्या वातानुकूलनात वायू भरणे

लखनौचा उन्हाळा ज्याने एकदा काढला आहे त्याला 'लू' या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. वैशाख-ज्येष्ठात पश्चिमेकडून येणारा हा कोरडा, तापलेला वारा भर दुपारी रस्ते ओस पाडतो आणि पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. पूर्वी तेथील घरांच्या दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. या पडद्यांना तिकडे खसच्या टट्ट्या म्हणतात. वारा त्यांतून आत येताना पाण्याची वाफ होई, वाफ होण्यास लागणारी उष्णता वाऱ्यातूनच घेतली जाई आणि खोलीत गार, सुगंधी झुळूक येई. आज त्याच लखनौत हजरतगंजातून जाणाऱ्या मोटारींच्या काचा बंद असतात व आत गारवा असतो. तत्त्व मात्र जुनेच आहे. द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. टट्टीवरचे पाणी उडून जाते म्हणून ते पुनःपुन्हा शिंपडावे लागते. मोटारीतील द्रव मात्र बंद नळ्यांतून फिरत राहतो.

हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच 'गॅस संपला, भरून टाकू' असे लोक सहज म्हणतात. पेट्रोल जळून संपते. प्रशीतक, म्हणजे थंडावा निर्माण करणारा पदार्थ, वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठून तरी निसटला आहे, असेच समजावयास हवे.

हल्लीच्या पुष्कळ मोटारींत आर-१३४ए नावाचा प्रशीतक असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, त्याची वाफ दाबतो. ती तापते व गाडीच्या पुढील जाळीमागे असलेल्या संघनकात जाते. तेथे आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन ती द्रव होते. हा द्रव एका अरुंद झडपेतून सुटला की दाब एकदम उतरतो, द्रव उकळू लागतो आणि बाष्पकाच्या नळ्या गार पडतात. त्यांवरून पंखा जी हवा ढकलतो तीच आपल्या अंगावर येते.

घरचे शीतकपाट वर्षानुवर्षे वायू न भरता चालते, मग मोटारीचेच यंत्र का गळते? शीतकपाटाचा संपीडक व त्याची विद्युतचलित्र मोटर एकाच डाक लावलेल्या डब्यात असतात. मोटारीत संपीडकाचा दांडा बाहेर येऊन पट्ट्याला जोडलेला असतो आणि त्याभोवतीची खीळ रबरी असते. इंजिन हादरते, म्हणून काही नळ्याही रबरी ठेवाव्या लागतात. हिवाळ्यात यंत्र महिनोन् महिने बंद राहिले तर वंगण खाली उतरते व रबर कोरडे पडते. होळीनंतर कळ दाबावी तो गारवा नाही, असा अनुभव उत्तर हिंदुस्थानात नवा नाही.

अशा वेळी बाजारात मिळणारा प्रशीतकाचा लहान डबा, एक नळी व एक दाबमापक आणून घरच्या घरी वायू भरण्याचा मोह होतो. कृती सोपी दिसते. इंजिन चालू ठेवावे, कमी दाबाच्या बाजूच्या तोंडाला नळी जोडावी व डब्याची झडप उघडावी, इतकेच. चूक होते ती काटा वाचताना, आणि तिचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

स्वयंपाकघरातील गॅसचे सिलिंडर पाहा. ते भरलेले असो वा पाऊण रिकामे, शेगडीची ज्योत सारखीच जळते. आत थोडाही द्रव शिल्लक असेल तोवर वाफेचा दाब त्याच्या तपमानावर अवलंबून असतो, द्रवाच्या प्रमाणावर नव्हे. म्हणूनच सिलिंडर घेताना आपण ते काट्यावर टांगून घेतो. आर-१३४एचेही तेच आहे. ३० अंशांना बंद गाडीतील त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे साडेसातपट व ४० अंशांना सुमारे दहापट असतो, मग आत पुरा अर्धा किलो असो वा त्याच्या निम्मा. दाबमापक येथे तपमापकाचे काम करतो, तराजूचे नव्हे.

यंत्र चालू असताना तर गोंधळ आणखी वाढतो. बाहेर ४४ अंश असतील तेव्हा उष्णता बाहेर टाकण्यासाठी संघनकातील प्रशीतकाला साठ अंशांच्या आसपास जावे लागते, आणि तेथे दाब वातावरणाच्या सोळा-सतरापट होतो. कमी दाबाच्या बाजूचा काटाही इंजिनाचा वेग, पंख्याची गती व संघनकावरची धूळ यांप्रमाणे हलतो. तो हिरव्या पट्ट्याखाली दिसला म्हणून मालक आणखी वायू सोडतो. वायू जास्त झाला की द्रव संघनकात साचतो, वाफेला द्रव होण्यास जागा उरत नाही, दाब चढतो आणि गारवा उलट घटतो. मालकास वाटते, अजून कमीच आहे! तो दुसरा डबा फोडतो. अखेर द्रवच संपीडकात शिरून तो मोडण्याची पाळी येते. वायू कमी असला तरी संपीडक मधूनमधून बंद पडतो, जास्त झाला तरी बंद पडतो. लक्षणावरून निदान करणे कारागिरालाही अवघड जाते.

डबा चुकून जास्त दाबाच्या बाजूस जोडला तर प्रशीतक उलट डब्यातच घुसतो व डबा फुटू शकतो. हातावर उडालेला द्रव कातडी गोठवितो, डोळ्यात गेला तर इजा फार वाईट. प्रशीतकाऐवजी स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. प्रवाशांच्या पुढ्यात ज्वालाग्राही वायू कोंडून ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

याखेरीज नळीतील हवा व तिच्यातील दमटपणा आत जातो. हवा द्रव होत नाही, ती दाब तेवढा वाढविते. पाण्याचा अंश अरुंद झडपेत गोठतो आणि वंगणाबरोबर आम्ल बनून धातू खातो. म्हणून जाणकार कारागीर प्रथम उरलेला प्रशीतक यंत्राने काढून साठवितो, गळती शोधून दुरुस्त करतो व मग पंपाने आतील हवा काढतो. दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आत आला की ३० अंशांच्या तपमानातही पाणी उकळून निघून जाते. पंप थांबविल्यावर निर्वात टिकला, तरच तो नेमक्या वजनाचा प्रशीतक भरतो. ते वजन व प्रशीतकाचे नाव बहुधा गाडीच्या झाकणाखालील पट्टीवर छापलेले असते.

गळती न शोधता भरलेला वायू हवेतच जावयाचा. जुन्या गाड्यांतील आर-१२ ओझोनच्या थरास मारक ठरला. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला निरोप दिला आणि भारत १९९२ साली त्या करारात सामील झाला. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो सुमारे चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवितो. अर्धा किलो निसटू देणे म्हणजे जवळजवळ तीनशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे झाले. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार असे पदार्थही टप्प्याटप्प्याने कमी करावयाचे आहेत, व भारताने ती २०२१ साली मान्य केली. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो थोडासा ज्वालाग्राही आहे आणि आर-१३४एत मिसळावयाचा नाही.

घरी करण्याजोगे काही नाही, असे मात्र नव्हे. लखनौच्या वाऱ्यातील धूळ संघनकाच्या पात्यांत घट्ट बसते. इंजिन गार असताना मंद धारेने ती धुतली की कित्येकदा गारवा परत येतो. आतील हवेची गाळणी पाहावी, पुढचा पंखा फिरतो की नाही हे पाहावे. इंजिन बंद करून सांध्यांना साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा फुगला की गळती सापडली. ती तेलकट डागावरूनही ओळखू येते. आणि थंडीच्या दिवसांत, गारवा नकोसा असला तरी, आठवड्यातून दहा मिनिटे यंत्र चालू ठेवावे, म्हणजे वंगण दांड्याभोवतीच्या रबरापर्यंत पोहोचते.