माशी मेली, दमा उरला

न्हाणीघराच्या भिंतीला, मोरीच्या जाळीजवळ, चिकटून बसलेली एक लहानशी केसाळ माशी आपण सर्वांनीच पाहिलेली असते. बोटाने टिपली तर बोटाला करडी भुकटी लागते. भिंगाखाली मुलांना दाखवण्यास हा कीटक फार चांगला. ती भुकटी म्हणजे तिच्या पंखांवरचे केस आणि खवले. या लेखाचा विषय ही भुकटीच आहे.

याच कुळातील सायकोडा ही माशी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात असंख्य प्रमाणात वाढते. काही केंद्रांत सांडपाणी दगडांच्या जाड थरावर फिरत्या नळ्यांतून शिंपडले जाते. दगडांवर जीवाणू व बुरशी यांचे बुळबुळीत आवरण तयार होते आणि तेच पाण्यातील घाण खाऊन पाणी स्वच्छ करते. माशीच्या अळ्या या आवरणावर चरतात. त्या चरल्या नाहीत तर आवरण माजते व दगडांमधल्या फटी बुजतात. तेव्हा माशी इथे निव्वळ उपद्रवी नाही.

पण ऑर्डमन या डॉक्टरांनी १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतून असे नोंदवले की, या माश्यांमुळे दमा होतो. १९८५ साली अमेरिकेतील संशोधकांनीही हा व्यवसायजन्य दमा असल्याचे दाखवले. असे का व्हावे? माशीच्या शरीरातील काही प्रथिने श्वासाबरोबर आत गेली की काही माणसांची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजून विशिष्ट प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या भेटीत ही प्रतिपिंडे हिस्टामीनसारखी द्रव्ये बाहेर पडण्यास कारण होतात, श्वासनलिका आवळतात आणि धाप लागते. हीच ॲलर्जी.

आता उपाय काय? कोणीही म्हणेल, कीटकनाशक फवारा. इथेच गोम आहे. प्रतिपिंड ओळखते ते प्रथिनाचा आकार. माशी जिवंत आहे की मेलेली, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. फवारणीने मेलेल्या माश्या वाळतात, चुरडतात आणि त्यांची भुकटी वाऱ्यावर उडते. मारणे आणि नाहीसे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून माशीची वाढच रोखावी लागते. दगडांचा थर सुमारे चोवीस तास पाण्याखाली बुडवून ठेवला की अळ्या बुडून मरतात. हे किती दिवसांनी करायचे? सुमारे १६ अंश सेल्सिअसला माशीचे जीवनचक्र २२ दिवसांत पुरे होते, तर २९ अंशांना अवघ्या ७ दिवसांत. थंडीत पंधरवड्याने केलेली बुडवणी पुरेल, उन्हाळ्यात मात्र तेवढ्यात एक पिढी उडूनही गेलेली असेल. (गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे.) घरच्या मोरीसाठीही तेच तत्त्व: फवाऱ्यापेक्षा नळीच्या आतला बुळबुळीत थर ब्रशने घासून काढावा.

दुसरा उगम बुडबुड्यांचा. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज ती जगभर रूढ आहे. टाकीत वर येणारा बुडबुडा फुटताना बारीक थेंब उडवतो. ताज्या सोड्याच्या पेल्यावर काच धरून हे थेंब पाहता येतील. बुडबुडा वर येताना वाटेतले जीवाणू पृष्ठभागावर गोळा करतो. त्यामुळे थेंबातील जीवाणूंची दाटी मूळ पाण्याच्या १० ते १००० पट असू शकते, हे ब्लँचर्ड व सिझ्डेक यांनी १९७० साली दाखवले.

या जीवाणूंपैकी अनेकांच्या भित्तिकेत एंडोटॉक्सिन हे द्रव्य असते. त्याने ताप येतो, छाती आवळते. ही काटेकोर अर्थाने ॲलर्जी नव्हे, कारण प्रतिपिंडांची गरज नसते. पहिल्याच दिवशी कोणालाही त्रास होऊ शकतो. कापड गिरण्यांतील कामगारांची छाती सोमवारी भरून येत असे, त्यामागेही कापसाच्या धुळीतील हेच द्रव्य असल्याचे मानतात. आणि इथेही तीच गोष्ट: जीवाणू मेला तरी एंडोटॉक्सिन उरते, पाणी उकळूनही जात नाही. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने २०१० साली आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा घनमीटरला ९० एकके सुचवली.

म्हणून पाणी जोराने घुसळणाऱ्या यंत्रांऐवजी तळातून अगदी बारीक बुडबुडे सोडणे, टाक्या झाकणे, गाळ पिळण्याच्या खोलीतील हवा यंत्राजवळूनच खेचून घेणे, हे खरे उपाय. वाळलेला गाळ कोरड्या खराट्याने झाडू नये, आणि जोरदार फवाऱ्याने धुऊही नये. दोन्हींनी कण उडतातच. आम्हांला सर्वांत कमी भरवशाचा वाटतो तो नाकावर बांधलेला रुमाल. पाच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर जातात, आणि रुमाल त्यांतले बरेचसे अडवतच नाही. एन-९५ मुखपट्टी अडवते, पण ती चेहऱ्याला घट्ट बसली तरच. दाढी असली की कडेने हवा शिरते.

कामगाराला दमा असेल तर डॉक्टरांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: सुट्टीवर गावी गेल्यावर धाप कमी होते का? उत्तर ‘हो’ असेल, तर कारण कामाच्या जागीच शोधावे लागेल.