अमावस्येला बोलले ते कोण?

भातकुलीकडचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहिरीचे पाणी खारट, जमीन काळी आणि चिकट. पावसाळ्यात बैलगाडी एकदा रुतली की दुसरी जोडी आणल्याशिवाय निघत नसे. अमरावती तशी जवळच, पण साठ वर्षांपूर्वी ती जवळ वाटत नसे. पोर दचकून उठू लागले, गाय दूध देईना, सुनेला मूर्च्छा आली, की डॉक्टरच्या आधी एखाद्या जाणत्याचे नाव निघायचे. ‘बाहेरचं असंन’ एवढे दोन शब्द कुणी ओसरीवर उच्चारले की पुढचे सगळे आपोआप घडत जाई.

आमच्या घरी ते शब्द उच्चारले गेले तेव्हा मी तिसरीत होतो. मोठे काका चार दिवसांच्या तापाने गेले होते. वय एकोणतीस. मागे काकू आणि दीड वर्षाची मुलगी. आजीने अन्न सोडल्यासारखेच केले होते. कुणीतरी सांगितले, की अमुक गावचा मांत्रिक मेलेल्या माणसाला बोलता करतो. आबा, म्हणजे आमचे आजोबा, या गोष्टींतले नव्हते. पण आजीकडे पाहून तेही गप्प बसले.

पौषातली अमावस्या होती. मांत्रिकाबरोबर त्याचा एक तरुण चेला होता. माजघरात पाट मांडला, हळदीकुंकवाचे रिंगण काढले, लिंबे ठेवली, ऊद जाळला. कंदिलाची वात बारीक केली. बऱ्याच वेळाने चेला घुमू लागला आणि हुंदका देत म्हणाला, “माय, मी आलो वं.”

घरातल्या सगळ्या बाया रडू लागल्या. आजी मात्र त्या क्षणी रडली नाही, एवढे मला स्पष्ट आठवते. ती नुसती त्या पोराच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग कितीतरी वेळाने तिने पदर डोळ्यांना लावला.

त्या रात्री पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी एक प्रश्न. बोलणारा खरोखर गेलेला माणूसच आहे की आणखी कुणी, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे कसे? मृत्यूनंतर काही उरते की नाही, हा प्रश्न फार मोठा आणि तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. पण या माजघरात, या घटकेला जे बोलते आहे ते कोण, हा प्रश्न लहान आहे. तो तपासता येतो.

हातचलाखी आणि कानचलाखी

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे उघड लबाडी. लिंबू कापले की लाल रस गळतो आणि मांत्रिक म्हणतो, ‘पाहा, करणीचे रक्त.’ सुरीला आधीच असे एखादे रसायन लावलेले असते की आंबट रस लागताच ते लाल होते. मिथिल ऑरेंज हे शाळेच्या प्रयोगशाळेतले द्रव्य त्यासाठी पुरेसे आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तर घरोघरच्या बायकांना ठाऊकच आहे. तरीही तोच लाल रंग अमावस्येच्या रात्री पाटावर उमटला की आपण हळद-चुना विसरतो. काडी न लावता होम पेटतो, कारण तूप म्हणून ओतलेले ग्लिसरीन असते आणि खाली पोटॅशियम परमँगनेटची पूड असते. दोन्ही एकत्र आली की काही सेकंदांत जाळ होतो.

हातचलाखीपेक्षा कानचलाखी अधिक भारी. मांत्रिक येण्याआधी गावात त्याचा माणूस येऊन गेलेला असतो. पाणवठ्यावर, पानठेल्यावर घरची सगळी हकिगत त्याला फुकट मिळते. जे कळलेले नसते ते समोरच्याकडूनच काढून घेतात. ‘छातीत काहीतरी होत होतं त्याले...’ असे अर्धे वाक्य सोडायचे आणि चेहरे पाहायचे. चेहरे फुलले तर पुढे जायचे, कोरे राहिले तर ‘छातीत म्हंजे जीवात’ असे वळवून घ्यायचे. दहा अंदाजांतले सात चुकतात, पण रडणारे घर जुळलेले तीनच लक्षात ठेवते.

या लबाडीविरुद्ध आपल्याकडे चांगले काम झाले आहे. श्रीलंकेत राहिलेले केरळी अध्यापक डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये फसवणुकीला वाव नसलेल्या परिस्थितीत चमत्कार करून दाखवणाऱ्याला एक लाख श्रीलंकन रुपये देऊ केले. १९७८ मध्ये ते वारले, पण ती रक्कम कुणालाही जिंकता आली नाही. नागपूरला १९८२ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. तिचे श्याम मानव आणि पुढे १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी गावोगाव हेच आव्हान नेले. कार्यकर्ते भर चौकात लिंबातून ‘रक्त’ काढून दाखवीत आणि मग ते कसे काढले तेही सांगत.

फसवणारा प्रामाणिक असतो तेव्हा

पण सगळे लबाडच असते तर प्रश्न सोपा होता. अडचण येते ती प्रामाणिक माणसांची.

शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरांतून प्लँचेटचे वेड एके काळी खूप होते. वसतिगृहांतून तर परीक्षेच्या आधी हमखास. पाटावर मुळाक्षरे मांडायची, मधे वाटी पालथी घालायची, तिच्यावर तिघा-चौघांनी बोट टेकायचे. वाटी सरकते आणि अक्षरे लागतात. प्रत्येक जण शपथेवर सांगतो, ‘मी ढकलली नाही.’ आणि तो खरेच बोलत असतो.

याचा उलगडा मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाने १८५३ मध्येच केला होता. तेव्हा इंग्लंडात माणसे टेबलाभोवती हात टेकून बसत आणि टेबल फिरू लागे. फॅरेडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट द्रव्याने जोडून ठेवले. टेबल आधी हलले असते तर खालचे थर पुढे गेले असते. प्रत्यक्षात वरचे थर पुढे सरकलेले आढळले. म्हणजे आधी हात हलले होते. मग त्याने हाताची सूक्ष्म हालचाल दाखवणारी एक काडी बसवली. बसणाऱ्यांना ती काडी दिसू लागताच टेबल फिरायचे थांबले! मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत काम करतात. वाटीचेही तेच. बसणाऱ्यांचे डोळे बांधा आणि अक्षरांच्या जागा बदला, की आत्म्याचे शुद्धलेखन तत्काळ बिघडते.

दुसरी गोष्ट हॅरी हुडिनी या जगप्रसिद्ध जादूगाराची. १९१३ मध्ये त्याची आई वारली. तिचा एक शब्द ऐकायला मिळावा म्हणून तो अनेक बैठकांना गेला. जून १९२२ मध्ये शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने त्याच्या आईचा संदेश म्हणून कागदामागून कागद भरले. मजकूर मायेने ओथंबलेला होता. पण तो होता इंग्रजीत, जी भाषा आईला धड येत नव्हती. वर क्रूस काढलेला होता, आणि आई तर ज्यू. त्या दिवशी आईचा वाढदिवस, पण त्याचा उल्लेखही नाही. डॉइल दांपत्य लबाड नव्हते. सर आर्थर यांचा स्वतःचा मुलगा गेलेला होता आणि या गोष्टींवर त्यांची मनापासून श्रद्धा होती. हुडिनीलाही ते कळत होते. तरी त्याने मान्य केले नाही, आणि दोघांची मैत्री तुटली.

म्हणून सांगणारा सज्जन आहे, पैसे घेत नाही, रडतोही आहे, एवढ्यावरून सांगितलेले खरे ठरत नाही. खऱ्याखोट्याची परीक्षा माणसाच्या सज्जनपणाची नसून माहितीची आहे. प्रश्न आधी ठरवावा. त्याचे उत्तर खोलीतल्या कुणालाही ठाऊक नसावे, पण मागाहून पडताळता यावे. कुलुपबंद पेटीत काय आहे, असा. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक असेल तर त्याचा चेहरा ते सांगून टाकतो. आणि काय आले म्हणजे चूक समजायची, हेही आधीच बोलून ठेवावे. या कसोटीला ‘आत्म्याची परीक्षा पाहू नये’ असे उत्तर मिळाले, तर तेच उत्तर समजावे.

जिच्या अंगात येते ती

येथे एक सावधगिरी हवी. जिच्या अंगात येते ती बाई ढोंगीच असते असे नाही. नवरात्रात, जागरणात, जत्रेत अनेक जणींच्या अंगात येते आणि ओसरले की त्या घरी जाऊन भाकरी थापतात. वैद्यकशास्त्रही अशा प्रथेतल्या अवस्थेला आजार म्हणत नाही. ती नको असताना येऊ लागली, त्रास देऊ लागली, रोजचे जगणे मोडू लागली, म्हणजे आजार. ज्या सुनेचे वर्षभर कुणी ऐकत नाही तिचे देवी आल्यावर सासराही हात जोडून ऐकतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहून व्हिएदा स्कल्टन्स या अभ्यासिकेने केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोरुग्णांना घेऊन घरच्या बाया तेथे येऊन राहत. आणि घुमत होत्या त्या पुष्कळदा रोगी नव्हे, तर सोबत आलेली आई किंवा बायको! आपल्या माणसाची पीडा आपल्या अंगावर यावी, ही त्यांची भावना. याला ढोंग कसे म्हणणार? अशा बाईला ‘खरी की खोटी’ असे विचारून काही हाती लागत नाही. तिला विचारावे, ‘बाई, तुझे दुखते कुठे?’ आणि उत्तर मिळाले की तिला डॉक्टरकडे न्यावे.

पेढीकाठचा वारसा

भातकुली तालुक्यातून पेढी नदी वाहते. याच पेढीच्या काठी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. शेणगावचा हा डेबूजी. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे बोकड आणि दारू न ठेवता त्याने गोडाचे जेवण घातले, तेथून त्याची वाट वेगळी झाली. बाबांच्या कीर्तनात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त. नवसाचा देव, बोकड मागणारा देव, याविषयी ते लोकांनाच विचारत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढत. परीक्षा पाहणे हा नास्तिकपणा नव्हे, हे वऱ्हाडाला या देवभक्त माणसाने शिकवले.

कायदा मात्र फार उशिरा आला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. पूजा, वारी, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अंगात शक्ती आहे असे सांगून धाक घालणे, कुणाला करणी करणारी ठरवणे, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे, हे गुन्हे ठरले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

तरी आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटात, २०२४ संपता संपता सत्तरी ओलांडलेल्या एका म्हातारीला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाल्याची बातमी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके दिल्याचे उघडकीस आले. चटके देणाऱ्यांना ते बाळाच्या भल्याचेच वाटत असेल. बाळाला त्याचा काय उपयोग?

म्हणून सामान्य घरासाठी कुलुपबंद पेटीपेक्षाही सोपी कसोटी आहे. समोरचा आवाज काय मागतो ते पाहावे. तो भीती घालतो का, पैसा किंवा शेत मागतो का, औषध बंद करायला सांगतो का, आणि घरातल्या कुणाचे नाव घेतो का? यातले एक जरी आढळले तरी तो आवाज वरचा की खालचा, या वादात न पडता बैठक मोडावी.

त्या रात्री

आता आमच्या माजघरात परत जाऊ. आबांनी शांतपणे विचारले, “आला त बरं झालं. तू लहान असतानी आपल्याकडं जोडी होती. डाव्या बैलाले तू काय म्हने?”

चेला थोडा थांबला. “आबा, तुमचा माह्यावर भरोसा नाई. मी जातो.” लगेच मांत्रिक कडाडला, की मेलेल्याची परीक्षा पाहिली तर तो कोपतो. बायांनी आबांना गप्प केले. आजी काहीच बोलली नाही. चेल्याने काळा कोंबडा मागितला, सव्वाशे रुपये मागितले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. आजीने त्यालाही मान हलवली.

मग तो म्हणाला, “मले घरातल्यानंच खाल्लं.” आणि त्याने बोट केले ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या काकूकडे.

आजी उठली. तिने कंदिलाची वात मोठी केली. म्हणाली, “हा माहा पोरगा नोहे. चहा घ्या अन् निंगा.”

पुढे कितीतरी वर्षांनी मी तिला विचारले, की तुला केव्हा कळले? ती म्हणाली, “पयल्याच शब्दाले. त्यानं जलमात मले माय म्हटलं नाई. सगळ्यायचं आयकून तोई मले बाईच म्हने.”

“मंग काहून बसली होती एवढा वेळ?”

“कोनी तरी त्याच्या नावानं बोलून रायलं होतं, बाप्पा. तेवढंच.”

दुःखी माणूस फसतो तो अडाणी असतो म्हणून नव्हे. पुष्कळदा त्याला कळत असते आणि तरी तो ऐकत राहतो. त्याला हसू नये. पण त्या ऐकण्याची किंमत दुसऱ्या कुणी मोजायची वेळ आली, की आजीसारखे उठून वात मोठी करता आली पाहिजे. काकू आमच्याच घरी राहिल्या. त्यांची मुलगी शिकून नर्स झाली. आजीच्या शेवटच्या आजारात तिचे सगळे तिनेच केले.