चमचा चिकटत नाही तेव्हा

चार-पाच वर्षांच्या पोराच्या हातात लोहचुंबक देऊन त्याला स्वयंपाकघरात सोडा. थोड्याच वेळात तो सिद्धांत मांडतो: चकचकीत ते चिकटतं. तांब्याचा गडू त्याला खोटं पाडतो, ॲल्युमिनियमचं पातेलंही. मग दुरुस्ती होते: स्टीलचं चिकटतं. आणि नेमका स्टीलचा चमचा ढिम्म! शेजारचा तवा मात्र झटकन पकडतो.

इथे आपली जीभ आवरावी. उत्तर आपल्याला ठाऊक असतं, हीच अडचण आहे. भांड्यांच्या बऱ्याच स्टीलमध्ये निकेल मिसळलेलं असतं. त्याने लोखंडाच्या अणूंची रचनाच बदलते आणि चुंबकाची ओढ जवळजवळ संपते. गंमत म्हणजे निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं! हे सगळं दहावीत कळलं तरी चालेल. आत्ता दोन ढीग पुरेत, चिकटणारे आणि न चिकटणारे. मात्र हात लावण्याआधी अंदाज बोलून दाखवायचा, ही अट हवीच.

गणितही यातच येतं. चुंबक आणि टाचणी यांच्यामध्ये वहीचं एकेक पान सरकवत जायचं. टाचणी कितव्या पानाला पडली? पुढे टाचण्या वाढवून पाहा. पानं दुप्पट केली की टाचण्या निम्म्या होतील, असं मोठ्यांनाही वाटतं. चुंबक तो हिशेब पाळत नाही. ओढ अंतराबरोबर फार वेगाने घटते.

प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वाळूतून फिरवलं की काळे कण मिशांसारखे उभे राहतात. आपल्या बेसाल्ट खडकातलं मॅग्नेटाइट ते. सह्याद्रीचा चुरा, फुकट!

यासाठी महागडा संच कशाला? जुन्या स्पीकरमधलं फेराइट चुंबक उत्तम. बारीक, जबर ताकदीची निओडिमियम चुंबकं मात्र लहानग्यांपासून लांबच ठेवा. दोन गिळली गेली तर ती आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात, भोक पडतं, शस्त्रक्रियेची वेळ येते.

टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची अधांतरी पेन्सिल अनेकांनी पाहिली असेल. रबरी चपलेत चुंबकाच्या चकत्या, पेन्सिलीवरही चकत्या, आणि टोकाला टेकायला जुनी सीडी. ती सीडी शोभेची नाही. नुसत्या स्थिर चुंबकांवर दुसरं चुंबक अधांतरी टिकत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉने १८४२ मध्ये गणिताने दाखवलं. मुलाला अर्नशॉ सांगू नका, सीडी काढायला सांगा. पेन्सिल टुणकन उडेल आणि तो पहिला प्रश्न विचारेल.