ले-ऑफनंतर जे मागे उरतात

नोकरी गेलेल्याची चौकशी आपल्याकडे सगळे करतात. ज्याची राहिली त्याची कोणी करत नाही. २०२२ च्या अखेरीपासून संगणक क्षेत्रात ले-ऑफच्या लाटा आल्या, आणि आमच्यासारखे "वाचलेले" डोके खाली घालून काम करू लागले. मीटिंगमध्ये चूक दिसली तरी बोलायचे नाही, दुसऱ्याने बोलावे. साहेब म्हणतात, "आता आणखी कोणाला काढणार नाही." ऐकून सगळे मान डोलावतात आणि घरी जाऊन बायोडेटा नीट करतात! झोप उडते, पित्त वाढते. एच-वनवाल्यांचे तर विचारूच नका. म्हणून हा विषय ह्या सदरात.

गेलेला विश्वास परत येतो का? बे एरियातल्या मंडळींनी फ्रीमाँटचा टेस्लाचा कारखाना पाहिला असेल. त्या जागी पूर्वी जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात उघड वैर, तक्रारींचे ढीग, पाचातला एक कामगार गैरहजर. १९८२ मध्ये कंपनीने त्याला टाळे ठोकले. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तो "न्यूमी" ह्या नावाने पुन्हा सुरू झाला. गंमत म्हणजे कामगार बहुतेक जुनेच आणि युनियनही तीच. तरी थोड्याच काळात गैरहजेरी अगदी कमी झाली आणि तिथल्या गाड्या दर्जाबद्दल नावाजल्या गेल्या.

काय बदलले? साहेबांचे वेगळे जेवणघर गेले, सगळे एकाच कँटीनमध्ये जेवू लागले. लाइनच्या बाजूने एक दोरी होती. अडचण आली की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. टीम लीडर धावत मदतीला येई आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबे. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणे म्हणजे महापाप! पण माझ्या मते दोरीपेक्षा महत्त्वाचा होता १९८५ चा करार. त्यात लिहून दिले होते की, कंपनीच टिकणार नाही अशी वेळ आल्याखेरीज ले-ऑफ नाही. आणि तशी वेळ आलीच तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कापू, बाहेर दिलेली कामे आत आणू. नोकरीची धास्ती असताना दोरी कोण ओढणार?

त्या कागदाची परीक्षा १९८७-८८ मध्ये झाली. गाड्यांना मागणी उरली नाही, कारखाना बराचसा रिकामा चालला, तरी कोणाला घरी पाठवले नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिले. शब्द पाळायला पैसे पडत असताना तो पाळला, तेव्हा लोकांना तो खरा वाटला.

अर्थात हे कायमचे नव्हते. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि भागीदारीतून बाहेर पडली. १ एप्रिल २०१० ला टोयोटानेही काम थांबवले आणि सुमारे ४,७०० माणसे घरी बसली.

तेव्हा साहेबांना जरूर विचारावे की आणखी कपात टाळायला आधी कोणता खर्च कापणार, आणि उत्तर ईमेलने मागावे. आमच्या साहेबांनी दर महिन्याला टीमचे बजेट, वाईट आकड्यांसकट, दाखवायला सुरुवात केल्यावर मीटिंगमध्ये पुन्हा वादावादी ऐकू येऊ लागली. मला ते सुलक्षण वाटते.

घरची फाइलही तयार असावी. एच-वनवर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ ची मुदत आधी संपत असेल तर तेवढेच. ते नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात; नोकरी संपल्याचा दिवस म्हणजे सहसा ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळतो तो. कोब्रा विमा घ्यायचा की नाही हे ठरवायलाही किमान ६० दिवस असतात (हप्ता पूर्ण रकमेच्या १०२ टक्क्यांपर्यंत, कंपनीचा वाटा धरून!), पण ते विमा संपल्यापासून किंवा नोटीस दिल्यापासून, जे नंतर असेल तिथून. दोन्ही तारखा कॅलेंडरवर वेगवेगळ्या लिहाव्यात.